आईचा डावा हात

आमच्या बजाजनगरच्या बागेत सकाळी दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, घाम निघेपर्यंत धावणारी. दुसरी, कडुलिंबाखाली जमून इतकी हळू हात-पाय हलवणारी, की नवा माणूस थांबून बघतोच. आईला मी पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा ती बाकावर टेकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "झोपंत कवायत करायलेत का गं ही मानसं?"

तिच्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा काही महिने झाले होते. गावाकडे अर्धांगवायूला असंच म्हणतात, जसं काही वारं आलं आणि जाताना अर्धं माणूस घेऊन गेलं. आईची डावी बाजू गेली. दवाखान्यातून ती माझ्याकडेच आली, कारण भाऊ-भावजय बिडकीनला एका खोलीत भाड्यानं राहतात आणि दोघंही कामावर जातात. मी घरी बसून ब्लाऊज शिवते, म्हणजे सगळ्यांच्या लेखी मी रिकामीच.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. वडील गेले तशी मेंढरं गेली, पण फर्दापूरच्या पुढं डोंगराच्या कडेला आईचं घर होतं आणि चार-पाच शेळ्या होत्या. आता घराला कुलूप आणि शेळ्या चुलतभावाच्या दावणीला. आईचा जीव तिथं अडकलेला. रोज चहा पिताना ती एकच गोष्ट सांगायची. "भाकर थापता आली अन् शेळी पिळता आली की मी चालले माझ्या घरी. लेकीच्या दारात मरायचं नाय मला."

मला राग यायचा. लेकीचं दार म्हणजे काय धर्मशाळा आहे? पण तिचं म्हणणं खरं होतं. एका हातानं शेळी पिळता येत नाही, दुसऱ्या हातात तांब्या धरावा लागतो. तो दुसरा हात तिच्या मांडीवर पडून असायचा.

बागेत जायला सांगितलं ते फिजिओवाल्या मॅडमनी. वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "आजी चालतात, पण तोल जातो. तुमच्या बागेत 'ताई ची' नावाचा चिनी व्यायाम शिकवतात ना, तो करा. हळू असतं, दोन्ही बाजूंवर वजन द्यायची सवय लागते. फक्त तुम्ही जवळ उभ्या राहा, आणि माझे व्यायाम सोडू नका."

शिकवणारे गृहस्थ कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनीनं त्यांना कधी काळी मशीन शिकायला चीनला पाठवलं होतं. तिथल्या बागेत म्हातारी माणसं सकाळी हे करताना त्यांनी पाहिलं, त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि शिकूनच परत आले. आई त्यांना मास्तर म्हणायची. ते आईला मावशी म्हणायचे आणि कधी घाई करायचे नाहीत, ही मोठी गोष्ट. माझ्यासारख्या माणसाला तर ती जमतच नाही.

"वजन ओता, मावशी," ते म्हणायचे. "ह्या पायातलं त्या पायात. एका घागरीतलं पाणी दुसरीत ओततो ना, तसं. सांडू द्यायचं नाही."

आईला ते लगेच उमगलं. जन्म डोंगराच्या उतारावर उभं राहण्यात गेलेला. आधी ती माझा दंड धरून ओतायची, मग बाकाची पाठ धरून, मग नुसती. पावसाळा सरेपर्यंत ती घर ते बाग माझ्या आधाराशिवाय चालू लागली. मी मात्र दोन पावलं मागून, चोरासारखी.

अडलं ते हातापाशी. दोन्ही हात समोरून खांद्यापर्यंत हळूहळू वर न्यायचे, अशी पहिलीच हालचाल असते. आईचा उजवा हात निघायचा, पण वर न जाता आडवा व्हायचा, डाव्याचं मनगट पकडायचा आणि कोकराला पायाला धरून उचलावं तसा त्याला वर उचलायचा.

"मावशी, ज्याचं त्याला उठू द्या," मास्तर म्हणाले.

"त्यो डावा हाय मास्तर. त्याला काय काम असतंय? देवाला चालत नाय, जेवायला चालत नाय. पडू द्या की."

सगळी मंडळी हसली. लाल साडीतल्या एक बाई तर तोल जाईपर्यंत हसल्या. मी हसले नाही.

खरं सांगायचं तर हा घोळ आम्ही सगळ्यांनी मिळून घातला होता. आई दवाखान्यात असल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता की देवानं उजवा तरी ठेवला. उजवा ठेवला म्हणजे सगळं ठेवलं. जेवण उजव्यानं, हळदीकुंकू उजव्यानं, घेणं-देणं उजव्यानं, पाहुण्याला पाणी उजव्यानं. डाव्या हाताला आमच्या घरात कोणी कधी काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे तो काही करत नाही हे महिनोन्‌महिने कोणाला खुपलं नाही. मॅडमनी हात तपासून सांगितलं, की तो मेलेला नाही, त्यात थोडी हालचाल शिल्लक आहे, पण वापरत नाहीत म्हणून डोकं त्याला विसरत चाललंय. तेव्हा मला लाज वाटली. कारण भेटायला येणाऱ्यांबरोबर मीही तेच म्हणत होते. आणि मी तर डावरी.

लहानपणी माझा डावा हात ताटात गेला की आई उलथन्याचा दांडा मारायची. मार खाऊनही हात ऐकेना, तेव्हा तिनं तो बांधायला सुरुवात केली. वडिलांच्या जुन्या पटक्याची चिंधी घ्यायची, मनगटाला कोकराची गाठ मारायची आणि दुसरं टोक कमरेला. कोकराची गाठ म्हणजे ओढलं की आवळते ती. मोकळी करायची तर तिचं एक ठरावीक टोक चिमटीत धरून उलटं काढावं लागतं. "डावरीला कोन करून घेईल?" हे तिचं कारण. मी कधी रडले नाही, ओरडले नाही. नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसायची, सोडेल म्हणून. मी उजव्या हातानं लिहायला शिकले, उजव्या हातानं जेवायला शिकले, लग्नही झालं. कात्री मात्र अजून डाव्या हातानं चालवते. आईसमोर नाही.

मॅडम म्हणाल्या, "उजव्या हातात थोडा वेळ जाड मोजा घाला, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. समोर ताटात शेंगा ठेवा, त्या उचलू द्या. तुम्ही समोरच बसायचं. आजींना पटलं तरच, जबरदस्ती नाही."

मी मोजा घातला. आईनं तो दातानं ओढून काढला आणि पलंगाखाली टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "लहान पोर हाय का मी? उजवा बांधून डाव्यानं खायला लावती. काय अवदसा आठवली तुला!"

माझ्या नाकावर राग असतो, हे माझा नवरा कोणी न विचारताही सांगतो. त्या दिवशी तो राग नाकावर नव्हता. कुठून तरी खोलातून आला. खुंटीवरची निळी ओढणी काढली, आईचं उजवं मनगट खुर्चीच्या हाताला लावलं आणि कोकराची गाठ मारली. तीच. तिनंच शिकवलेली. गाठ मारताना मी म्हणाले, "बघ आता कसं वाटतंय."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण न लिहून उपयोग नाही. तिच्या भल्यासाठी बांधत होते हे खरं, आणि बांधताना बरं वाटलं हेही खरं. मी ओढणीचं टोक जरा जास्तच ओढलं.

शेंगांचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसले. बसले न बसले तोच गल्लीत ओरडा झाला. पाणी आलं! आमच्याकडे पाणी आलं की माणूस तव्यावरची भाकरी जळू देतो. मी उठले. जिना उतरून खाली गेले, नळी लावली, ड्रम धुतला, भरायला लावला. शेजारणीची मोटर बंद पडलेली, तिची नळी आपल्या नळाला लावून दिली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आल्या, ब्लाऊजचा गळा मोठा झालाय म्हणून तणतणत. खाली ओट्यावरच त्यांचं माप पुन्हा घेतलं. गळा माझ्या हातून मोठा झाला नव्हता, त्यांनीच सांगताना चूक केली होती. तेही त्यांना पटवून दिलं. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही, आणि नंतर हिशोब करायची हिंमत झाली नाही.

वर आले तर आई तशीच बसलेली. ताट पालथं, शेंगा फरशीवर. लुगडं ओलं, खुर्ची ओली, खाली ओघळ आलेला. ती भिंतीकडे बघत होती.

"माय! हाक का नाय मारली गं?"

"तू बांधलं व्हतंस," ती म्हणाली. "तूच सोडशील म्हनलं."

गाठ सोडताना माझी बोटं चालेनात. कात्री आणायला गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी डाव्या हातात कात्री धरून तिच्यासमोरच ओढणी कापली. तिला मोरीत नेलं, अंघोळ घातली. पाणी तिच्या पाठीवर ओतताना मी रडत होते आणि ते तिला दिसू नये म्हणून मागच्या बाजूला उभी होते. साबण लावून झाल्यावर ती म्हणाली, "ड्रम भरला का सगळा?"

"भरला."

"बरं झालं," ती म्हणाली.

पातळ नेसवताना मला तिच्या डाव्या हाताची नखं दिसली. त्यात निळे दोरे अडकले होते. मग मी खोलीत जाऊन ओढणीचे तुकडे पाहिले. गाठीजवळचं टोक, ते ठरावीक, उलटं काढायचं, विसकटलं होतं. दोरे ओढले गेले होते. म्हणजे ती बसून राहिली नव्हती. आधी वाट पाहिली असेल, आणि मग पोटात मावेनासं झालं तेव्हा जो हात महिनोन्‌महिने मांडीवर पडून होता त्याच हातानं तिनं चिमूट करून गाठ सोडायचा प्रयत्न केला होता. पूर्ण सुटली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बागेत मास्तरांनी हात वर न्यायला सांगितले. आईचा उजवा निघाला, डाव्याकडे वळला, आणि थांबला. डावा आपला आपण उठला. फार नाही, पोटापर्यंत. थरथरला आणि खाली आला. मास्तरांनी वर्ग थांबवला. लाल साडीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"काय केलंत हो ताई तुम्ही?" मास्तरांनी मला विचारलं.

"मी काय करणार? तुमच्याच व्यायामाचा गुण," मी म्हणाले. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

मॅडम तर खूष. "मोजा चालला ना?" मी हो म्हणाले. त्यांनी दुसऱ्या पेशंटच्या सुनेला माझ्याकडे बोट करून सांगितलं, की घरच्यांनी मनावर घेतलं तर असं होतं. भावाचा फोन आला, तो रडायचाच बाकी होता. नवरा जिलेबी घेऊन आला. ज्यांनी देवानं उजवा ठेवला म्हटलं होतं तेच आता लेक असावी तर अशी म्हणू लागले. माझ्या वाटणीची जिलेबी मी शेजारणीकडे पाठवून दिली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आई मोरीकडे निघाली की मी मशीन सोडून तिच्या मागं. कोणी नुसतं "कशा आहेत आई?" विचारलं तरी मला वाटायचं, हिला कळलंय. ओढणीचे तुकडे टाकून द्यायचे तर हात होईना, म्हणून चिंध्यांच्या पिशवीत तळाला ठेवले. एका रविवारी बघते तर नवरा त्यातलाच एक घेऊन गाडी पुसतोय. मी त्याच्यावर अशी तुटून पडले की तो फडकं हातात घेऊन बघतच राहिला. "अगं, चिंधीच आहे ना?" म्हणाला. मी जाऊन नवा नॅपकिन आणून दिला, त्यामुळे तो आणखीच घाबरला.

मी आईबरोबर स्वतःही त्या रांगेत उभी राहू लागले. सोबत म्हणून, असं सांगायची. त्यात एक हालचाल आहे, पोटाशी मोठा चेंडू धरल्यासारखे हात धरायचे, एक वर, एक खाली, आणि वळताना खालचा वर, वरचा खाली. कोणता हात मोठा आणि कोणता धाकटा, असा भेदच त्यात नाही. मला ते फार आवडायचं. शेजारी आई तोच चेंडू धरायची. तिचा चेंडू डावीकडून थोडा चेपलेला असायचा.

मला तिची माफी मागायची होती. एकदा वर्ग संपल्यावर बाकावर बसून मी सुरुवात केली. "माय, त्या दिवशी मी..."

"बघ ती लाल साडीवाली," आई म्हणाली. "रोज तोच पाय चुकती."

दुसऱ्यांदा घरी, भाजी निवडताना. "माय, त्या दिवशी तुला बांधून..."

"झालं ते झालं. पानी दे मला."

तिनं मला क्षमा केली असं कोणी समजू नये. तिनं मला वाक्यच पुरं करू दिलं नाही. मला कधी कधी वाटतं, ते पुरं झालं असतं तर तिलाही एक वाक्य बोलावं लागलं असतं. पटक्याच्या चिंधीचं. तिला माझं बालपणीचं बांधणं आठवत होतं की नव्हतं, तेव्हा तिला वाईट वाटलं होतं का, हे मी विचारलं नाही. ती "नाय वाटलं" म्हणाली असती तर मग हे ओझं वाहणारी मी एकटीच उरले असते. तिनं मला बांधलं ते माझं लग्न व्हावं म्हणून. मी तिला बांधलं ते तिचा हात यावा म्हणून. कारणं दोघींचीही चांगली. पण ती मला बांधून पाणी भरायला गेली नव्हती.

दिवाळीनंतर ती डाव्या हातात रिकामा तांब्या धरून घरभर फिरू लागली. मग अर्धा भरलेला. फरशी ओली व्हायची आणि मी न बोलता पुसायची. मॅडमच्या व्यायामातून बोटं उघडायला लागली, मास्तरांच्या ओतण्यातून तोल आला. आणि एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "आता मला गावाकडं सोड."

मला खरं तर तिला ठेवून घ्यायचं होतं. आणखी काही महिने, आणखी थोडं करू दे, म्हणजे फिटेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. पण ते तिच्यासाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. मी बोचकं बांधलं. मास्तर बागेच्या फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मावशी, तिकडंही ओतत राहा."

"शेळ्या हसतील मास्तर मला," आई म्हणाली.

थंडी सरता सरता नवरा आणि मी तिला भेटायला गेलो. चुलतभावाची बायको अंगण ओलांडून येत-जात असते, तिनं वाटेतच सांगितलं, की म्हातारी सकाळी अंगणात उभी राहून हात वर-खाली करते आणि पोरं बघायला जमतात. आम्ही पोचलो तेव्हा आई दाराशी पाटावर बसली होती, पुढ्यात काळी शेळी. डाव्या हातात तांब्या, तो गुडघ्याला दाबून धरलेला, आणि उजव्यानं पिळत होती. तांब्या हलत होता. दुधाची एक धार तांब्यात, एक मातीत. ती आम्हाला बघून उठली नाही. शेळी सोडून कोण उठतं?

तिनं चहा केला, मग भाकऱ्या टाकल्या. वाकड्या, एका बाजूनं जाड. मी चुलीपाशी बसले होते, उजव्या हातात चहाचा कप. त्या दिवशी तरी ते वाक्य पुरं करायचंच, असं वाटेपासून ठरवून आले होते. तोंड उघडलं, "माय..." म्हणाले, तेवढ्यात तिनं तव्यावरची भाकरी उचलून माझ्यापुढं केली. कप उजव्या हातात, म्हणून मी डावा पुढं केला.

फाट्‌कन माझ्या हातावर फटका बसला.

"उजवा कर की, डावरे! इतकी मोठी झालीस तरी कळंना का?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नवरा हसत सुटला. आईही पुटपुटत चुलीत काटकी सारू लागली. तिच्या उजव्या हातात भाकरी होती, त्यामुळे फटका तिनं डाव्या हातानं मारला होता, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी कप खाली ठेवला, उजवा हात पुढं केला आणि भाकरी घेतली. फटका लागला नव्हता. त्या हातात अजून तेवढा जोर आला नव्हता. जोरात लागला असता तर बरं झालं असतं.